नवऱ्यामागे राहायचं कुठे? आधी महिन्याचा हिशेब मांडा

तेराव्याचं जेवण आटोपलं की सतरंजीवर बसल्या बसल्या घरातली मोठी माणसं ठरवून टाकतात, "वहिनी आता थोरल्याकडे पुण्याला जातील." वहिनी कोपऱ्यात बसलेल्या असतात, मान हलवतात. महिन्याला त्यांच्या हातात किती पैसे येणार हे त्या बैठकीत एकालाही ठाऊक नसतं. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, कुठे आहे, एफडी कुणाकुणाच्या नावावर आहेत, घराच्या कागदावर कोणाचं नाव, काही पाहिलेलं नसतं. आणि तरी निर्णय झालेला असतो.

मी साताऱ्यात बँकेत पेन्शनच्या काउंटरवर बसायचे. आता काउंटरच्या अलीकडे उभी राहते, फॅमिली पेन्शनवाली म्हणून. दोन्ही बाजूंनी बघून माझं एक मत पक्कं झालंय. आई कुठे राहणार हे मायेवर ठरतं असं सगळे म्हणतात, पण तिच्या खात्यावर काय जमा होतं त्यावर ते बरंच जास्त ठरतं. यात लाजण्यासारखं काही नाही. लाजायचं असेल तर हिशेब न करता ठरवण्याची लाज वाटू द्या.

म्हणून पहिला नियम: वर्षश्राद्ध होईपर्यंत कायमचं काहीही ठरवायचं नाही. घर विकायचं नाही, कुणाच्या नावावर करायचं नाही, सामान हलवायचं नाही. एकटीला करमत नसेल तर मुलाकडे महिना-दोन महिने जरूर जा. पण पाहुणी म्हणून जा, आणि घराची किल्ली आपल्या पिशवीत ठेवा.

हाती येणार किती

नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला असेल तर साधारण हिशेब असा: त्यांची मूळ पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, आणि तुमची फॅमिली पेन्शन त्याच पगाराच्या 30 टक्के. वर दोन्हींवर महागाई भत्ता. सुरुवातीची काही वर्षं वाढीव दराने, म्हणजे 50 टक्क्यांनी मिळू शकते; केंद्राच्या नोकरीत ही मुदत सात वर्षं किंवा ते हयात असते तर 67 वर्षांचे झाले असते ती तारीख, यातलं जे आधी येईल ते. हे ध्यानात ठेवा, कारण वाढीव पेन्शनवर घर बसवलं आणि ती एके दिवशी खाली आली की गडबड होते. पीपीओवर दोन्ही आकडे आणि तारीख छापलेली असते. बहुतेक जणी ती वाचतच नाहीत.

यांनी पेन्शन विकली होती का, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेतले होते का, हा प्रश्न काउंटरवर हमखास यायचा. विकली असली तरी फॅमिली पेन्शनमधून त्याची कपात होत नाही, ती पूर्ण मिळते. केंद्राच्या पेन्शनला वयाच्या 80 व्या वर्षी 20 टक्के आणि 85 व्या वर्षी 30 टक्के वाढ आहे, आणि ती फॅमिली पेन्शनलाही लागू आहे. जन्मतारखेचा कागद बँकेत नसल्यामुळे अशी वाढ अडकून पडते, तर तो आत्ताच देऊन ठेवा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. मृत्यूनंतर त्यांच्या नावाची पेन्शन एक-दोन महिने खात्यावर येत राहते. ती काढू नका. मुलगा एटीएम घेऊन जातो, दिवसकार्याचा खर्च भागवतो, आणि पुढे बँक ती रक्कम वसूल करते. मृत्यूचा दाखला हातात आला की लगेच बँकेत द्या. खातं तुमच्या दोघांच्या नावावर असेल तर फॅमिली पेन्शनसाठी सहसा नवीन खातंही काढावं लागत नाही.

खासगी कारखाना, एसटी, साखर कारखाना, यांचं गणित वेगळं. तिथे पीएफ ऑफिसची, म्हणजे 1995 च्या योजनेची पेन्शन असते. नवरा पेन्शन घेत असताना गेला तर बायकोला त्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, आणि किमान आकडा 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. यात कुणी एकटी राहू शकत नाही, हे उघड बोलायला हवं. अशा घरात फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हीच खरी पेन्शन असते, आणि नेमकी तीच मुलाच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला जाते.

ती जाऊ द्यायची नसेल तर पोस्टात जा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 60 वर्षांवरच्या व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. 8.2 टक्के दराने 10 लाखांवर दर तिमाहीला 20,500 रुपये खात्यावर येतात. दरमहा व्याज हवं असेल तर मासिक प्राप्ती योजना आहे. एकटीच्या नावावर 9 लाखांपर्यंत, आणि 7.4 टक्क्यांनी तेवढ्यावर महिन्याला 5,550 रुपये. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, तेव्हा खातं उघडताना विचारून घ्या; उघडल्यावर मुदत संपेपर्यंत तोच राहतो. शेअरबाजारातलं काय, असं मला विचारू नका, मी त्या खिडकीवर कधी बसले नाही.

शेतकरी घरात पेन्शनच नाही. तिथे पहिलं काम तलाठ्याकडे वारसनोंद. सातबाऱ्यावर नाव लागलं की पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला 12,000 रुपये मिळण्याचा रस्ता उघडतो, आणि खंडाने दिलेल्या जमिनीचे पैसेही हक्काने मागता येतात. उत्पन्न अगदीच नसेल तर 65 वर्षांपर्यंत संजय गांधी निराधार, आणि त्यापुढे श्रावणबाळ योजना. महिना 1,500 रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. अट वर्षाला 21,000 रुपयांच्या आत उत्पन्नाची, आणि गोम तिथेच आहे. कमावत्या मुलाच्या रेशनकार्डावर आईचं नाव असलं की उत्पन्नाच्या दाखल्यात त्याची कमाई येते. म्हणून गावोगाव कार्ड दोन आणि चूल एक असा प्रकार दिसतो. तसं करा असं मी सांगणार नाही. पण चूल खरोखरच वेगळी असेल तर कार्डही वेगळं करून घ्या, भिडेपोटी अडून राहू नका.

जाणार किती

शेजारच्या काकूंचा हिशेब सांगते, त्यांनी सांगायला परवानगी दिलीय. काका जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. शेवटचा मूळ पगार 48,000 धरला, महागाई भत्ता सोयीसाठी 50 टक्के धरला, तर काकांच्या वेळी घरात 36,000 यायचे. ते वयाच्या 71 व्या वर्षी गेले, म्हणजे वाढीव दराचा प्रश्न नव्हता. काकूंना आता 21,600 येतात. उत्पन्न चाळीस टक्क्यांनी खाली आलं. खर्च मात्र निम्मा होत नाही. घरपट्टी तीच, फ्रिज तोच, भांडीवाली तेवढेच पैसे घेते, टीव्हीचं रिचार्ज तेवढंच.

आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून काढलं. किराणा, गॅस, भाजी मिळून 5,000. दूध 900. वीज, पाणी, मोबाइल 1,500. भांडी-फरशीवाली 1,500. औषधं 2,600, त्यातली निम्मी रक्तदाबाची आणि साखरेची. सणवार, आहेर, देणं-घेणं 1,500. हा आकडा काकूंनी 500 सांगितला होता, मी मागच्या वर्षीची पासबुकातली काढणी दाखवून वाढवला. घरपट्टी आणि दुरुस्तीचे महिन्याला 1,000. बेरीज 14,000. उरले 7,600.

इथे लोक थांबतात आणि म्हणतात, जमतंय की! जमत नाही अजून. दोन ओळी राहिल्यात. एक, दवाखाना. सत्तरी पूर्ण असेल तर आयुष्मान वयवंदना कार्ड काढा. ऑक्टोबर 2024 पासून त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते दाखल झाल्यावरचं. रोजच्या गोळ्या, तपासण्या, चष्मा, दात, रिक्षा हे आपल्या पदरचं. दुसरी ओळ म्हणजे पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर. तेव्हा दिवसा-रात्रीची बाई ठेवायची वेळ येते, आणि त्या बाईचा महिन्याचा पगार काकूंच्या अख्ख्या पेन्शनएवढा होतो. म्हणून उरलेले 7,600 हे वरकड नव्हेत. त्यातले 5,000 आवर्ती ठेवीत जातात आणि त्या पासबुकाला काकूंनी नाव ठेवलंय, "खुब्याचं पासबुक".

आकडा काय सांगतो

महिन्याचा खर्च वजा जाता काही उरत नसेल तर मुलांकडे राहणं हा पर्याय नसतो, ती गरज असते. ते मान्य करून अटी बोलून घ्यायच्या, त्या पुढे सांगते. काकूंसारखी बेरीज असेल, म्हणजे खर्च भागून तिसरा हिस्सा मागे राहत असेल, तर दोन्ही दारं उघडी आहेत. आणि चोवीस तासांची बाई ठेवूनही भागत असेल तर तुम्ही नशीबवान. तुमचा प्रश्न पैशाचा नाही, संध्याकाळी बोलायला कोण आहे याचा आहे.

पैसा आला की बायका वेगळ्या राहतात, हे फक्त आपल्याकडचं निरीक्षण नव्हे. अमेरिकेत 1940 साली 65 वर्षांवरच्या विधवांपैकी 18 टक्के एकट्या राहत होत्या आणि 59 टक्के मुलांकडे. 1990 पर्यंत एकट्या राहणाऱ्या 62 टक्के झाल्या, मुलांकडच्या 20 टक्क्यांवर आल्या. तिथल्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा या बदलातला जवळपास निम्मा भाग उत्पन्नवाढीचा निघाला, त्यातही सरकारी पेन्शन वाढल्याचा. मुलं वाईट निघाली म्हणून असं झालं नाही. म्हाताऱ्यांना आधीपासूनच आपलं घर हवं होतं, फक्त परवडत नव्हतं. उलट दक्षिण आफ्रिकेत आजीची सरकारी पेन्शन सुरू झाली की तिच्या घरात लहान नातवंडं राहायला येतात असं दिसलंय. घरात रोख येणारी तीच एक, मग सगळे तिच्याभोवती.

आपल्याकडे दोन्ही दिसतं. माझ्या नणंदेच्या हातात पेन्शन आली आणि तिने सांगलीतलं घर सोडायला साफ नकार दिला. मावशीच्या हातात पेन्शन आली आणि धाकटा मुलगाच बायकोपोरांसह तिच्याकडे राहायला आला. दोघींत फरक एवढाच, की नणंदेचा मुलगा आयटीत आहे आणि मावशीच्या मुलाला कामाचा भरवसा नाही. तेव्हा नुसतं आपलं उत्पन्न मांडू नका, मुलांचंही मांडा. कोणाला कोणाची गरज आहे ते कागदावर स्वच्छ दिसतं आणि मग बोलणंही सोपं होतं. मावशी आता मुलाला "माझ्याकडे राहतोस" असं म्हणत नाही, पण वीजबिल त्याने भरायचं हे तिने पहिल्याच महिन्यात ठरवून घेतलं.

घराच्या कागदाला हात लावण्याआधी

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर ती, सगळ्यांचे सारखे हिस्से. दोन मुलं असतील आणि सासूबाई नसतील तर घरात तुमचा एक तृतीयांश. "सोसायटीत नॉमिनी मी आहे म्हणजे घर माझं" हे चूक; नॉमिनी मालक नसतो. मुलांनी हक्कसोडपत्र करून आपले हिस्से आईच्या नावावर सोडले तर उत्तम, मुली बहुधा सोडतात. पण आईने आपला हिस्सा सोडायची घाई कधीही करू नये.

मुलाच्या नावे राहत्या घराचं बक्षीसपत्र करायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. स्वस्त आहे म्हणूनच ते पटकन होतं. करायचंच असेल तर "आईला या घरात राहू देणं आणि तिचा सांभाळ करणं" ही अट दस्तात लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळ न केल्यास असा दस्त रद्द करण्याची तरतूद आहे, पण अट लिहिलेली असली तर हात बळकट राहतो. माझं विचाराल तर बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करावं. ते कितीही वेळा बदलता येतं, आणि मुलांना ते ठाऊक असतं.

याच ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे मुलांकडून पोटगी मिळावी म्हणून अर्ज करता येतो. कायद्यात मर्यादा महिना 10,000 रुपयांची. स्वतः अर्ज लिहून देता येतो, वकील लागत नाही. बायका तिथवर जात नाहीत, आणि का जात नाहीत ते मला कळतं. तरी ही वाट आहे हे माहीत असावं.

मुलांकडे राहायचं ठरलं तर

एटीएम कार्ड, पासबुक आणि बँकेचे मेसेज येणारा मोबाइल, तिन्ही आपल्याकडे. मुलगा प्रामाणिक असतो, संशयाचा प्रश्नच नाही. पण कार्ड त्याच्या पाकिटात गेलं की आईची पेन्शन घरखर्चात मिसळून जाते आणि वर्षभराने आई चप्पल घ्यायला सुनेकडे पैसे मागते. असं मी काउंटरवरून पाहिलंय, चांगल्या घरांतलं.

घरात पैसे द्यावेत, जरूर द्यावेत, ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम. माझा ठोकताळा असा की तिसरा हिस्सा घरात, तिसरा औषधं आणि आपला हातखर्च, उरलेला मागे. रक्कम सुनेच्या हातात द्या, मुलाच्या नको. किराणा तीच आणते. आणि नातवाच्या क्लासची फी मी भरते, असं उत्साहात बोलू नका. फी दरवर्षी वाढते, पेन्शन त्या वेगाने वाढत नाही.

पाळ्या लावणार असतील, तीन महिने याच्याकडे, तीन महिने त्याच्याकडे, तर त्या शाळेच्या सुट्ट्यांप्रमाणे लावा, आणि दोन्ही घरांत आपलं एक कपाट मागून घ्या. पिशवीतून कपडे काढत राहणारी बाई त्या घरात पाहुणीच राहते. येण्याजाण्याचा खर्च हल्ली फारसा नाही. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी पूर्ण झाली की प्रवास फुकट; माझ्या ओळखीच्या एक आजी या सवलतीच्या जोरावर लेकीकडे बिनदिक्कत जातात, "आज येते गं" एवढा फोन करून.

एकटीने राहायचं ठरलं तर

वरच्या मजल्यावर असाल तर तळमजला बघा, न्हाणीघरात धरायला दांडी लावा, आणि शेजारी एक किल्ली द्या. पेपरवाला किंवा दूधवाला पहाटे येतोच. पिशवी दाराला तशीच दिसली तर कोणाला फोन करायचा तो नंबर त्याला देऊन ठेवा. एका वेळचा डबा लावा. दोन्ही वेळा एकटीसाठी स्वयंपाक करणाऱ्या बायका महिन्याभरात चहा-खारीवर येतात.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात. राज्य सरकारच्या पेन्शनवाल्यांना बँकेतल्या यादीवर सही करावी लागते. जाता येत नसेल तर जीवन प्रमाण हे अ‍ॅप आहे, मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. हे एक काम मुलाने किंवा नातीने करायचं असं नेमून द्या. दाखला राहिला की पेन्शन थांबते, आणि पेन्शन थांबली की "बघ, म्हणून सांगत होतो एकटी राहू नको" हे ऐकावं लागतं.

आणि मुलाकडे जायचं नक्की झालं तरी वर्षश्राद्धानंतर लगेच घर विकू नका. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या. करार लेखी आणि नोंदणीकृत करा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, भाडं थेट आपल्या खात्यावर घ्या. एक खोली कुलूपबंद ठेवता आली तर आपलं सामान तिथेच राहू द्या. करार संपायच्या दोन महिने आधी पुन्हा एकदा कागद घेऊन बसा: पेन्शन, भाडं, व्याज, औषधं. तब्येत कशी आहे आणि सुनेशी कसं जमतंय, हेही त्याच कागदावर लिहा. मग भाडेकरूला पुढचा करार द्यायचा की घर मोकळं करून घ्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवून मुलांना कळवा.